सूर्यग्रहण : डोळे सांभाळून पाहावे, छायाचित्रात टिपावे

येत्या २ ऑगस्ट २०२७ रोजी, आषाढ अमावास्येच्या दिवशी, सूर्यग्रहण होणार आहे. दक्षिण स्पेनपासून उत्तर आफ्रिका व अरबस्तान ओलांडून जाणाऱ्या एका अरुंद पट्ट्यात ते खग्रास दिसेल. इजिप्तमधील लक्सरच्या परिसरात तर सूर्यबिंब सहा मिनिटांहून अधिक काळ पूर्णपणे झाकलेले राहील. पश्चिम भारतातून हेच ग्रहण दुपारनंतर, सूर्य पश्चिमेकडे झुकलेला असताना, खंडग्रास स्वरूपात दिसण्याजोगे आहे. त्यानंतर २१ मे २०३१ रोजी केरळ व तमिळनाडूतून कंकणाकृती ग्रहण दिसेल आणि २० मार्च २०३४ रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा लडाखच्या परिसरातून जाईल. या दोन्ही वेळी महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण पाहावयास मिळेल.

प्रत्येक ग्रहणाच्या वेळी आपल्या समाजात दोन टोकाच्या वृत्ती दिसून येतात. काही जण दारे-खिडक्या बंद करून घरात बसतात. तर काही जण, विशेषतः मुले, हाताला लागेल ती काच डोळ्यांपुढे धरून थेट सूर्याकडे पाहतात. पहिल्या वृत्तीमुळे निसर्गातील एक विलक्षण दृश्य पाहण्याची संधी हुकते. दुसरीमुळे दृष्टी गमावण्याची वेळ येते. या दोहोंमधील मार्ग सोपा, स्वस्त आणि सर्वांना साधण्यासारखा आहे. तो नीट समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

ग्रहण कसे घडते?

सूर्याचा व्यास सुमारे १३ लक्ष ९२ हजार किलोमीटर, तर चंद्राचा अवघा ३,४७४ किलोमीटर. सूर्य चंद्राच्या सुमारे चारशे पट मोठा आहे. परंतु तो आपल्यापासून चंद्राच्या सुमारे चारशे पट दूरही आहे. या योगायोगामुळे दोन्ही बिंबे आकाशात जवळजवळ सारख्याच आकाराची दिसतात. अमावास्येला चंद्र नेमका सूर्य व पृथ्वी यांच्या दरम्यान आला की त्याची छाया पृथ्वीवर पडते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली असल्यामुळे प्रत्येक अमावास्येला असे घडत नाही.

गडद छायेच्या पट्ट्यात खग्रास ग्रहण दिसते आणि सभोवारच्या विस्तृत प्रदेशात खंडग्रास. चंद्र त्या वेळी पृथ्वीपासून अधिक दूर असेल, तर त्याचे बिंब सूर्यबिंबास पुरते झाकू शकत नाही आणि कडेने तेजस्वी कंकण उरते. ग्रहण हा सावल्यांचा खेळ आहे, हे आपल्याकडे आर्यभटाने इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या अखेरीस स्पष्टपणे मांडले होते. सूर्यापासून ग्रहणाच्या दिवशी कोणतेही नवे अथवा विषारी किरण निघत नाहीत. त्या दिवशी सूर्य तोच असतो, जो आदल्या दिवशी होता.

धोका नेमका कशात?

मग ग्रहणाच्या वेळीच डोळ्यांना इजा का होते? उत्तर असे, की इतर दिवशी आपण सूर्याकडे पाहूच शकत नाही. त्याचे तेज असह्य होऊन पापण्या आपोआप मिटतात आणि मान वळते. हेच आपले संरक्षण होय. ग्रहणात सूर्याचा बराच भाग झाकला गेला की एकूण प्रकाश मंदावतो, डोळे दिपत नाहीत आणि बाहुली अधिक उघडते. परंतु सूर्याची जी कोर उघडी राहिलेली असते, तिचा प्रत्येक बिंदू नेहमीच्या सूर्याइतकाच प्रखर असतो. थोडक्यात, धोका रोजचाच असतो. ग्रहणात सावध करणारी खूण तेवढी नाहीशी होते.

आपल्या डोळ्यातील भिंग सूर्याची प्रतिमा दृष्टिपटलावर एकवटते. ही प्रतिमा मिलिमीटरच्या सुमारे सहाव्या भागाएवढी लहान असते. पण आपण ज्या वस्तूकडे रोखून पाहतो तिची प्रतिमा नेमकी पीतबिंदूवर पडते, आणि अक्षरे वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही सारी बारीक नजरेची कामे या पीतबिंदूमुळेच होतात. तीव्र प्रकाशाने, त्यातही निळ्या प्रकाशाने, तेथील पेशींत घातक रासायनिक बदल होतात. उष्णता या हानीत भर घालते. दृष्टिपटलाला वेदनेची जाणीव नसते. त्यामुळे इजा होत असताना काहीच दुखत नाही. काही तासांनंतर, अनेकदा दुसऱ्या दिवशी सकाळी, दृष्टीच्या मध्यभागी काळसर डाग दिसू लागतो, सरळ रेषा वाकड्या भासतात आणि वाचता येईनासे होते. सूर्याची जशी कोर पाहिली, तशाच आकाराची इजा दृष्टिपटलावर झाल्याचे नेत्रतज्ज्ञांना आढळून आले आहे. काही रुग्णांची दृष्टी काही महिन्यांत अंशतः सुधारते, काहींची कधीच सुधारत नाही. या विकारावर हमखास असा उपचार नाही. म्हणून अशी लक्षणे दिसताच विलंब न लावता नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि मुळात ती उद्भवू नयेत याचीच काळजी घ्यावी.

काय वापरू नये, काय वापरावे

पूर्वी घरोघरी काजळी धरलेली काच, क्ष-किरणांचे जुने चित्र किंवा छायाचित्रांची काळी फिल्म डोळ्यांपुढे धरून ग्रहण पाहिले जाई. काही पुस्तकांतूनही तसा सल्ला दिलेला आढळतो. हा सल्ला आता पूर्णपणे त्याज्य मानावा. काजळीचा थर कोठे दाट, कोठे विरळ असतो. क्ष-किरणांच्या चित्रातील काळेपणाही सर्वत्र सारखा नसतो. रंगीत फिल्ममधून तर डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सहज पार होतात. दृश्य अंधारे दिसले म्हणजे डोळा सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

उन्हाचा साधा गडद चष्मा दहा ते वीस टक्के प्रकाश आत सोडतो. सौरदर्शनासाठीच्या आय. एस. ओ. १२३१२-२ या आंतरराष्ट्रीय प्रमाणकानुसार मात्र दृश्य प्रकाशाचा जास्तीत जास्त ०.००३२ टक्के, म्हणजे सुमारे एकतीस हजारांवा भागच पार होऊ दिला जातो. एकावर एक दोन-तीन साधे चष्मे चढविले, तरी हे अंतर भरून निघत नाही. परातीत पाणी घेऊन सूर्याचे प्रतिबिंब पाहण्याची रीत निर्धोक समजली जाते, तीही तशी नाही. डोक्यावरच्या सूर्याचा सुमारे दोन टक्के प्रकाश पाण्यावरून परततो आणि सूर्य खाली असताना हे प्रमाण वाढते. दोन टक्के हे प्रमाण थोडे वाटले, तरी ते वरील मर्यादेच्या सहाशे पट आहे.

थेट पाहण्यासाठी वरील प्रमाणकास उतरणारा सौरचष्मा वापरावा. वापरण्यापूर्वी तो घरातील दिव्यासमोर धरावा. अगदी प्रखर दिवा सोडल्यास त्यातून काहीही दिसता कामा नये. त्यावर चरे, छिद्रे किंवा घड्या असतील, तर तो टाकून द्यावा. वितळजोडकाम करणारे कारागीर वापरतात त्यांपैकी १४ क्रमांकाची काचही चालते. कमी क्रमांकाची काच मात्र घेऊ नये. चष्मा डोळ्यांवर बसविल्यानंतरच मान वर करावी आणि मान खाली केल्यानंतरच तो काढावा. चष्मा असला तरी सूर्याकडे एकटक पाहत राहू नये. काही सेकंद पाहून डोळ्यांना विश्रांती द्यावी. सौरचष्मा लावून दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्यातून कदापि पाहू नये. दुर्बिणीने एकवटलेले ऊन तो चष्मा क्षणात जाळून टाकते.

२०२७ सालच्या ग्रहणासंबंधी एक विशेष सूचना द्यावीशी वाटते. ते ग्रहण ऐन पावसाळ्यात येत आहे. विरळ ढगाआडून सूर्य फिकट चकतीसारखा दिसला, की उघड्या डोळ्यांनी पाहण्याचा मोह होतो. पण ढग म्हणजे फिल्टर नव्हे. तो केव्हा सरकेल याचा नेम नसतो.

सूर्याकडे पाठ करून ग्रहण पाहावे

सर्वांत सुरक्षित रीत म्हणजे सूर्याकडे न पाहता त्याची प्रतिमा पाहणे. जाड पुठ्ठ्यास टाचणीने बारीक छिद्र पाडावे, सूर्याकडे पाठ करून उभे राहावे आणि छिद्रातून येणारा प्रकाश पांढऱ्या कागदावर घ्यावा. कागदावर उमटणारा ठिपका म्हणजे सूर्याची प्रतिमा होय. ग्रहण लागले की ती चंद्रकोरीसारखी दिसू लागते. छिद्र व कागद यांच्यात एक मीटर अंतर असेल, तर प्रतिमा सुमारे नऊ मिलिमीटर व्यासाची पडते. अंतर वाढवीत जावे तशी ती मोठी होते, पण अंधुकही होते.

शाळेसाठी याहून चांगला प्रयोग आरशाचा आहे. लहान आरशावर काळा कागद चिकटवून त्यात पाच-सहा मिलिमीटरचे भोक ठेवावे. हा आरसा उन्हात घट्ट बसवून त्यावरून परतणारा प्रकाश अंधाऱ्या वर्गखोलीतील भिंतीवर टाकावा. आरशापासून भिंत वीस मीटर दूर असल्यास तेथे सुमारे अठरा सेंटिमीटर व्यासाचे सूर्यबिंब उमटते आणि संपूर्ण वर्गाला ते एकाच वेळी पाहता येते. आरशात मात्र कोणी डोकावू नये व त्याचा कवडसा कोणाच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नये.

घरातील चाळणी किंवा झारा उन्हात धरला, तरी जमिनीवर प्रत्येक छिद्रागणिक एकेक सूर्यकोर उमटते. झाडाच्या पानांमधील फटी हेच काम करतात. ग्रहणाच्या वेळी आंब्याच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली पडलेले कवडसे पाहावेत. सारे अंगण चिमुकल्या कोरींनी भरून गेलेले दिसते. एक पैसाही खर्च न करता घेता येणारा हा अनुभव मुले जन्मभर विसरत नाहीत.

महाराष्ट्राने पाहिलेले एक ग्रहण

ग्रहणाचे छायाचित्र घेणे हा केवळ छंद नाही. खग्रास अवस्थेचे पहिले यशस्वी छायाचित्र २८ जुलै १८५१ रोजी प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे घेण्यात आले. तेव्हापासून सूर्याविषयीचे कितीतरी ज्ञान अशा छायाचित्रांतून मिळाले आहे. २९ मे १९१९ च्या ग्रहणात टिपलेल्या ताऱ्यांच्या स्थानांवरून, सूर्याजवळून जाताना प्रकाश वाकतो, या आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतास पुष्टी मिळाली.

या इतिहासात महाराष्ट्रालाही स्थान आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणच्या किनाऱ्यावरून विदर्भाकडे गेला. विजयदुर्गच्या किल्ल्यावर इंग्लंडचे नॉर्मन लॉकयर यांनी आपला तळ दिला होता. तेथील ओटे आजही दाखविले जातात. लॉकयर यांचे नाव हेलियमच्या शोधाशी निगडित असल्यामुळे, १८६८ सालच्या ग्रहणाच्या वेळीच ते विजयदुर्गास आले होते असा समज रूढ आहे. वस्तुतः त्या वर्षी ते इंग्लंडमध्येच होते. विजयदुर्गावर ते आले १८९८ साली. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी, तसेच अमेरिकेच्या लिक वेधशाळेच्या पथकाने निरीक्षणे केली. विदर्भातील तळणी येथे अ‍ॅनी माँडर या खगोलनिरीक्षक विदुषींनी लहानशा कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलातील एक अतिशय लांब किरण टिपला. सूर्यबिंबाच्या कितीतरी पट दूर पसरलेला तो किरण ही त्या काळी मोठीच उपलब्धी ठरली.

खग्रास अवस्था त्या दिवशी जेमतेम दोन मिनिटांची होती. तेवढ्यासाठी ही माणसे समुद्र ओलांडून, अवजड यंत्रे घेऊन आली आणि कोणी काय करायचे याचा आधी सराव करीत राहिली. आजच्या हौशी छायाचित्रकारानेही हाच धडा गिरवावा.

छायाचित्रण : साधने व सराव

पहिला व अटळ नियम असा, की सौर फिल्टर नेहमी भिंगाच्या पुढे, सूर्याच्या बाजूस बसवावा. डोळ्याच्या बाजूस, म्हणजे नेत्रिकेवर, बसविलेला फिल्टर एकवटलेल्या उष्णतेने तडकू शकतो आणि मग सारा प्रकाश थेट डोळ्यात शिरतो. निसर्गचित्रणात वापरले जाणारे साधे करडे फिल्टर सूर्यासाठी उपयोगाचे नाहीत. त्यांतील अनेकांतून अवरक्त किरण जातात. फिल्टर वाऱ्याने उडणार नाही असा चिकटपट्टीने पक्का करावा. फिल्टर नसलेल्या दूरवेधी भिंगातून सूर्याकडे रोख धरल्यास कॅमेऱ्यातील संवेदक व पडदा जळू शकतो.

चित्रात सूर्य केवढा येईल, हे भिंगाच्या केंद्रांतरावर अवलंबून असते. केंद्रांतरास सुमारे १०९ ने भागले की प्रतिमेचा व्यास मिळतो. ५० मिलिमीटरच्या साध्या भिंगाने सूर्य अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान येतो, ५०० मिलिमीटरच्या भिंगाने सुमारे साडेचार मिलिमीटरचा, तर १,००० मिलिमीटरच्या भिंगाने सुमारे नऊ मिलिमीटरचा. मोबाईलच्या कॅमेऱ्यात सूर्य ठिपक्याएवढाच येतो. म्हणून मोबाईल वापरणाऱ्यांनी झाडाखालच्या कोरी, चाळणीच्या प्रतिमा आणि ग्रहण पाहणाऱ्या माणसांचे चेहरे टिपावेत. ही चित्रे अनेकदा सूर्याच्या चित्रापेक्षा अधिक बोलकी ठरतात. मोबाईलने सूर्याचेच चित्र घ्यावयाचे असेल, तर त्याच्या भिंगापुढे सौर फिल्टर धरावा आणि रोख धरताना स्वतःच्या डोळ्यांवर सौरचष्मा असू द्यावा.

कॅमेरा भक्कम तिपाईवर ठेवावा, फ्लॅश बंद करावा, केंद्रीकरण हाताने करावे आणि झटका बसू नये म्हणून दूरनियंत्रक दोरी किंवा स्वयंचलित घटिका वापरावी. लक्षांश प्रकाश पार होऊ देणाऱ्या फिल्टरसह, १०० संवेदनक्षमता व एफ/८ छिद्रमान असताना, सुमारे १/४०० सेकंद उद्भासन योग्य ठरते. मात्र या आकड्यावर विसंबून न राहता त्याच्या मागचे-पुढचे वेगही घ्यावेत. उघड्या कोरीची प्रखरता रोजच्या सूर्याइतकीच असल्यामुळे, त्याची रंगीत तालीम कोणत्याही निरभ्र दिवशी करता येते. ग्रहणाच्या आठ-दहा दिवस आधी, त्याच वेळी व त्याच जागेवरून पूर्ण सूर्याची चित्रे घ्यावीत आणि योग्य ठरलेले आकडे वहीत टिपून ठेवावेत.

ग्रहणाच्या सर्व अवस्था एकाच चित्रात हव्या असतील, तर कॅमेरा न हलविता दर पाच मिनिटांनी एक चित्र घ्यावे. सूर्य आकाशात आपल्याच व्यासाएवढे अंतर सुमारे दोन मिनिटांत सरकतो. म्हणून पाच मिनिटांच्या अंतराने घेतलेली बिंबे एकमेकांवर न येता माळेसारखी ओळीने उमटतात.

फिल्टर केव्हा काढावा?

याचे उत्तर एका वाक्यात देता येते : फक्त खग्रास अवस्थेत. सूर्यबिंब संपूर्ण झाकले गेल्यानंतर दिसणारे मोत्यासारखे प्रभामंडल सूर्याच्या मूळ तेजाच्या सुमारे दहा लक्षांश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राएवढेच तेजस्वी असते. ते उघड्या डोळ्यांनी निर्धास्तपणे पाहता येते. फिल्टरमधून ते दिसणारच नाही. त्याच्या छायाचित्रासाठी एक हजारांश सेकंदापासून एक सेकंदापर्यंत निरनिराळी उद्भासने द्यावीत. सूर्याच्या कडेवर पहिला प्रकाशबिंदू चमकून हिऱ्याची अंगठी दिसताच डोळ्यांवर चष्मा व भिंगावर फिल्टर पुन्हा चढविलाच पाहिजे.

खंडग्रास आणि कंकणाकृती ग्रहणात असा सुरक्षित क्षण येतच नाही. २०२७, २०३१ व २०३४ या तिन्ही वेळी महाराष्ट्रातून ग्रहण खंडग्रासच दिसणार आहे. तेव्हा आपल्या राज्यात राहून ही ग्रहणे पाहणाऱ्याने आरंभापासून शेवटपर्यंत एक क्षणही चष्मा अथवा फिल्टर दूर करू नये.

भीती नको, तयारी हवी

१६ फेब्रुवारी १९८० रोजी अंकोल्यापासून कोणार्कपर्यंत खग्रास ग्रहणाचा पट्टा गेला, तेव्हा देशातील अनेक शहरांचे रस्ते भर दुपारी ओस पडले होते. २४ ऑक्टोबर १९९५ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी मात्र असंख्य लोक राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात मुद्दाम जाऊन उभे राहिले. पंधरा वर्षांतील हा बदल योग्य माहितीमुळे घडून आला.

तरीही ग्रहणकाळात गर्भवती स्त्रियांना कोंडून ठेवणे, अन्नपाणी वर्ज्य करणे, शिजलेले अन्न टाकून देणे हे प्रकार आजही घडतात. चंद्राच्या सावलीचा गर्भावर किंवा अन्नावर कोणताही परिणाम होत नाही. उलट गर्भवती स्त्रीला तासन् तास उपाशी-तहानलेली ठेवणे हेच तिच्या प्रकृतीस अपायकारक आहे. ‘दे दान, सुटे गिराण’ ही हाळी ऐकून गरजूला दान देण्यात गैर काहीच नाही. त्याच दिवशी शेजारच्या मुलांना आपल्या अंगणात बोलावून चाळणीतून ग्रहण दाखविले, तर तेही दानच होईल, आणि ते अधिक काळ टिकेल.

शिक्षकांनी व पालकांनी यासाठी आतापासूनच तयारी करावी. लहान मुलांच्या हाती चष्मा देऊन त्यांना एकटे सोडू नये; एक जाणता माणूस सतत त्यांच्याजवळ असावा. आपल्या भागातील विज्ञानकेंद्र, तारांगण किंवा खगोलमंडळाकडे खात्रीच्या साधनांची व ग्रहणाच्या स्थानिक वेळांची चौकशी करावी. चष्मे मिळाले नाहीत, तर पुठ्ठा आणि टाचणी पुरेशी आहे. ग्रहण काही तासांत सुटते. पीतबिंदूवर पडलेला डाग मात्र जन्मभर राहू शकतो. एवढे ध्यानात ठेवून प्रत्येकाने घराबाहेर यावे, सूर्याकडे पाठ करावी आणि आपल्या पायाशी उमटलेले ग्रहण मनसोक्त पाहावे.